भाऊजीच्या हातातला कापूस

बायको गेली आणि पुढच्याच महिन्यात भाऊजीचा हात तुटला.

भाऊजी म्हणजे कोणी माणूस नाही. आमच्या वावरातलं बुजगावणं आहे. दुसरे लोक काठीला जुना सदरा घालतात, वर मडकं उपडं मारतात, झालं बुजगावणं. आमचं तसं नाही. आमचं जाड कॅनव्हासचं आहे, पुऱ्या माणसाएवढं, हात, पाय, मुंडकं, सगळं. आणि ते विमानातून उड्या मारून आलेलं आहे. जऊळक्याच्या शिवारात असं दुसरं नाही. वाशिम जिल्ह्यातही नसावं, पण मी काही सगळा जिल्हा पाहिलेला नाही.

हात खांद्यापासून तुटला. वारा सुटला होता. मी वावरात गेलो तर हात हरभऱ्यात पडलेला. रोही, म्हणजे नीलगाई, येऊन हरभऱ्याचे शेंडे खाऊन गेले होते आणि जाताना हातावर पाय देऊन गेले होते. त्यांना शेजारच्या वावरातही जाता आलं असतं.

पोरगी कामरगावला दिली आहे. तिला फोनवर सांगितलं.

"बाबा, फेकून द्या आता त्याले," ती म्हणाली. "आई नाई, आता त्याले कोन शिवन?"

"पाहू."

"पाहू म्हंजे फेकत नाई तुमी."

"पाहू म्हंजे पाहू."

त्या हाताशी माझं एक काम बाकी होतं. बायकोकडून एक गोष्ट मला खरी कळून घ्यायची होती. आयुष्यभर विचारली. ती दर वेळी वेगळं सांगायची. आता ती नाही, हात आहे. म्हणून हे लिहून राहिलो आहे. लिहायची सवय नाही. चुका असतील, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं, नाही घेतलं तरी चालेल.

माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीची शाळा पलीकडच्या गावात होती आणि मधात नाला होता. फौजेत गेलो तेव्हा त्यांनी छाती मोजली, पळवलं, दात पाहिले. नाल्याचं कोणी विचारलं नाही. पुढं छत्रीची उडी शिकलो. छत्री म्हणजे पॅराशूट, आम्ही छत्रीच म्हणायचो. उड्या चांगल्या मारल्या, म्हणजे दर वेळी जिवंत उतरलो, म्हणून मला नव्या विमानाची चाचणी घेणाऱ्या तुकडीत घातलं. तिकडं उत्तरेत, एका मोठ्या मैदानावर.

लोकांना वाटतं विमान उडालं, उतरलं, झाली चाचणी. सामान आणि माणसं टाकायचं विमान असेल तर एवढ्यावर भागत नाही. उडत्या विमानाचं मागचं दार उघडायचं, त्यातून पोती, पिपं, जीप ढकलायची, आणि तरी विमान सरळ राहिलं पाहिजे. बंडीतलं ओझं एकदम मागं सरकलं की बंडी उलाळते, जू वर जातं, बैल लटकतात. विमानाचंही तेच आहे. फरक एवढाच की बंडीतून खाली उतरता येतं. म्हणून आधी हलकं ओझं टाकायचं, मग जड, मग त्याहून जड. आधी हळू वेगात, मग जरा जास्त. दर वेळी विमान कसं वागलं ते पायलट सांगणार, आणि माल कसा वागला ते आम्ही खाली जाऊन पाहणार.

माल नेहमी चांगला वागत नसे. एकदा एका जीपची छत्री उशिरा उघडली. म्हणजे उघडली, पण जीप पोचल्यावर. जीप ताटासारखी झाली होती. आमच्या साहेबानं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हॉर्न बजता है?" आम्ही दाबून पाहिला. वाजला नाही. तसं लिहून घेतलं.

धान्याची पोती तर बिनाछत्रीचीच टाकत. त्याची युक्ती साधी आहे. भरलेलं पोतं दुसऱ्या मोठ्या पोत्यात सैल घालायचं. खाली आदळलं की आतलं फुटतं, बाहेरचं धरून ठेवतं, दाणा सांडत नाही. सुट्टीत आलो तेव्हा हे बापाला सांगितलं. तो म्हणाला, "एवढं कराले सरकार तुले पगार देते?" मी हाव म्हणालो. आता बायको गेल्यावर लोक बसायला येतात, म्हणतात, तुम्ही लय धीरानं घेतलं. बाहेरचं पोतं पाहून सांगतात ते.

माल झाला की माणसं. पण माणसांच्या आधी डमी. हा नियम. नव्या विमानाच्या दारातून पहिली उडी माणूस मारत नाही, डमी मारतो. डमी म्हणजे कॅनव्हासचा पुतळा, आत रेती भरून वजन माणसाएवढं केलेलं. त्याला छत्री बांधायची, छत्रीची पट्टी विमानातल्या तारेला अडकवायची आणि दारातून ढकलायचं. बाहेरचा वारा त्याला कसा घेतो, तो विमानाच्या अंगाला लागतो का, छत्रीच्या दोऱ्यांना पीळ पडतो का, ते पाहायचं. पीळ पडला की छत्री नीट उघडत नाही. डमी सरळ गेला तर मग आम्ही. वाकडा गेला तर दुरुस्ती करून पुन्हा तोच. डमीच्या मागं रडायला कोणी नसतं, म्हणून त्याचा नंबर पहिला.

एकदा एक डमी वाऱ्यानं वाहवत मैदानाबाहेर बाजरीत पडला. आम्ही पोचलो तर एक म्हातारा शेतकरी आपला फेटा त्याच्या डोक्याखाली ठेवून त्याला लोट्यानं पाणी पाजून राहिला होता. आम्हाला पाहून तापला. "अब आए हो? लड़का बोल भी नहीं रहा." आम्ही डमीला उचलून गाडीत टाकायला लागलो तर ओरडला, "सँभाल के!" मग सांभाळून ठेवला. समजावत बसलो नाही. म्हाताऱ्यानं चांगलंच केलं होतं.

त्याच साली मला क्वार्टर मिळालं आणि मी बायकोला घेऊन गेलो. तिला हिंदी येत नव्हती. ती सगळ्यांशी वऱ्हाडीच बोलायची आणि लोकांना समजायचं. शेजारच्या पंजाबी बाईला तिनं महिनाभरात "काहून वं", म्हणजे का गं, म्हणायला शिकवलं. मी इतकी वर्षं तिकडं राहिलो तरी माझी हिंदी ऐकून लोक दोनदा विचारायचे.

एके दिवशी डमी टाकला तेव्हा विमान जरा जास्त वेगात होतं. डमी दारातून निघाला, वाऱ्यानं त्याला फिरवला आणि त्याचा हात दाराच्या कडेवर बसला. खाली आला तेव्हा हात खांद्यापासून उसवून लटकला होता आणि त्यातली रेती गळून गेली होती. साहेब म्हणाला, वेग कमी करू, पुन्हा टाकू, तोवर हा शिवून घ्या. तुकडीचा शिंपी सुट्टीवर होता. मी म्हणालो, घरून शिवून आणतो.

"घर में कौन सिएगा?"

"घरवाली, साहेब."

"बोलना, आदमी समझ के सिए."

डमी सायकलवर डबलसीट बसवून, माझ्या पाठीला बांधून आणला. सोबत हातात भरायला पिशवीभर रेती. बायको दारात उभी. पोट पुढं आलेलं. कामरगावची पोरगी तेव्हा पोटात होती.

"कोन हाये हा?"

"डमी हाये. याचा हात शिवाचा हाये."

"घरात नका आनू. मेल्या मानसावानी दिसते. बसवा तथी व्हरांड्यात."

मी व्हरांड्यात भिंतीला टेकवून बसवला. तिनं त्याला वरून खालपर्यंत पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला.

"पदर कायले घेतला वं?"

"नवा मानूस हाये ना." मग त्याला म्हणाली, "बसा भाऊजी. घर सापडलं ना बराबर?"

तेव्हापासून तो भाऊजी. ती खाली बसली आणि तिनं तुटलेला हात हातात घेतला.

"कायनं तुटला?"

"इमानाच्या दाराले लागला."

"कोन्त्या इमानाच्या?"

"तेच, नवं."

"ज्याच्यातून तुमी उडी मारनार हाये?"

"हाव."

"कवा?"

"हा सरळ गेला का मंग."

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण खोटं डोक्यात येईपर्यंत खरं बोलून झालेलं असतं.

"म्हंजे भाऊजी सरळ गेले तर तुमी जानार," ती म्हणाली. "अन् वाकडे गेले तर?"

"तर नाई. मंग इमान पाहतीन, दुरुस्ती करतीन. लय दिवस जातीन त्याच्यात."

"असं," ती म्हणाली आणि दाभणात दोरा ओवायला लागली.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आलो तर हात शिवून तयार. बापाच्या घरी तिनं पोती शिवलेली, गोधड्या शिवलेल्या, तिचा हात पक्का होता. छत्रीच्या दोरीतला धागा काढून, दुहेरी करून शिवलं होतं. मी ओढून पाहिलं. त्या शिवणीला बैल बांधला असता तरी चाललं असतं. नियमाप्रमाणं डमीचं वजन करायला पाहिजे होतं, पण ते आधी केलेलं होतं, नुसता हातच तर शिवला होता. कोणी केलं नाही.

त्या दिवशी विमानाचा वेग बरोबर होता. भाऊजी दारातून साफ निघाला, कुठं लागला नाही, आणि मग भोवऱ्यासारखा फिरायला लागला. फिरला, फिरला, छत्रीच्या सगळ्या दोऱ्यांना दोरखंडासारखा पीळ पडला. छत्री अर्धीच उघडली. तो खाली आला तो आवाज मैदानाच्या या टोकाला ऐकू आला.

वेग बरोबर, दार बरोबर, हवा शांत, आणि डमीला पीळ. म्हणजे विमानाच्या दाराबाहेरच काही खोट आहे. विमान परत पाठवावं लागणार, असं बोलणं सुरू झालं. आमच्या उड्या रद्द झाल्या.

घरी येऊन सांगितलं. "उडी रद्द झाली."

"काहून?"

"भाऊजीले पीळ पडला."

"अरे बाप्पा," ती म्हणाली.

त्या दिवशी वांग्याच्या भाजीवर तेलाचा तवंग होता. एरवी तेल ती पळीच्या बुडानं घालायची.

पुढं साहेबानंच सांगितलं. म्हणाला, विमानाला शिव्या देण्याच्या आधी डमी तोला. तोलला. वजन कमी भरलं. मग सगळ्यांनी भाऊजीचे हातपाय चाचपले. मी तो हात उचलला आणि मला कळलं. एक हात जड आणि एक हात उशीसारखा. असा माणूस वाऱ्यात फिरणार नाही तर काय करणार? साहेबानं चाकू काढून हाताचं टोक मनगटाशी उसवलं. आतून कापूस आला. पांढरा, पिंजलेला, एकही सरकी नाही.

"ये क्या है?"

"कापूस, साहेब."

"कहाँ से आया?"

"वाशिम से, साहेब."

साहेबानं कापसाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "तुम्हारे यहाँ आदमी में रुई भरते हैं?" मग तो हसला, मग सगळे हसले. विमान वाचलं म्हणून हसत होते. मीही हसलो, कारण साहेब हसत होता.

कापूस आमच्या उशीतला होता. गावाहून आणलेल्या दोन उशा होत्या. घरी एकच राहिली होती आणि ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं, कारण ती माझ्या डोक्याखाली होती.

घरी जाऊन विचारलं. "रेती दिलती ना तुले? कापूस काहून भरला?"

ती भाकर थापून राहिली होती. मान वर केली नाही. "रेती सांडते घरात. समदं किरकिर होते पायाले. अन् कापूस कायले वाईट? गादीत का रेती भरतेत मानसं?"

मला पटलं. कपाशीच्या मुलखातली बाई. काही भरायचं म्हटलं की कापूस भरणार. तिला वजनाचं कोण सांगणार? मी नव्हतं सांगितलं.

"मंग आता?" ती म्हणाली.

"आता रेती भरली. सकाळी पुन्हा टाकतीन. सरळ गेला तर आमी."

तिनं भाकर तव्यावर टाकली. ती भाकर करपली. मी तशीच खाल्ली.

भाऊजी सरळ गेला. ओळंब्यासारखा.

आमच्या उडीच्या सकाळी मी निघालो तेव्हा ती व्हरांड्यात तांदूळ निवडत बसली होती. जातो म्हणालो. हं म्हणाली. विमानात साहेब दारात पहिला, मी त्याच्या मागं. नव्या विमानातून पहिला आपणच जाणार, असं त्यानं आधीच सांगून टाकलं होतं. दिवा हिरवा झाला, साहेब गेला, मी गेलो. दाराबाहेर वाऱ्यानं धरलं, विमानाचं शेपूट डोक्यावरून छपरासारखं सरकलं. मी दोन्ही हात छातीशी घट्ट धरले होते, आमच्या शिकवणीत तसंच आहे. पण त्या दिवशी मला भाऊजीचा हात आठवून राहिला होता. छत्री उघडली. दोऱ्या सरळ होत्या. मग करण्यासारखं काही उरलं नाही. खाली उतरलो, गुडघा थोडा सोलला.

घरी आलो तर ती तांदूळच निवडत होती. तेच ताट. खडे केव्हाच संपले असतील.

"आले?"

"हाव."

"हात पाहू."

मी हात पुढं केले. तिनं एकेक हात धरून खांद्यापासून ओढून पाहिला, जशी मी तिची शिवण ओढून पाहिली होती. मग म्हणाली, "बसा. भात टाकते."

निवृत्त व्हायच्या आधी जुने डमी निकामी ठरवून जाळायला काढले होते. त्यात भाऊजी दिसला. खांद्यावरच्या शिवणीवरून ओळखला. विचारून घेतला, रेती ओतून दिली आणि वळकटी करून रेल्वेनं घेऊन आलो. जऊळक्याच्या स्टेशनवर लोकांना वाटलं फौजीनं गादी आणली. बायकोनं वळकटी उलगडली आणि म्हणाली, "आले का भाऊजी! मले वाटलंच होतं याइच्या हातून सुटत नाई तुमी."

तेव्हापासून तो वावरात. अंगात कुटार, म्हणजे भुसा, आणि हातात कापूस. हातात कापूसच पाहिजे, कारण हलका हात वाऱ्यानं हलतो आणि रोही बिचकतात. इथं तिचं बरोबर होतं. हंगाम संपला की तो गोठ्यात. दरसाल ती त्याचा सदरा बदलायची, माझाच जुना. वावरातलं तण निंदताना त्याला सांगायची, "भाऊजी, ध्यान ठेवा, मी घरी जाऊन येते." मला असं कधी सांगितलं नाही.

आता विचारायचं काय होतं ते सांगतो. उडी झाल्यावर मला पुष्कळ दिवसांनी वाटायला लागलं की त्या कापसाचं काही वेगळं असेल. भाऊजी वाकडा गेला तर माझी उडी रद्द होणार, हे मीच तिला सांगितलं होतं, आणि मग तिनं हात भरला. वजनाचं तिला कळत नव्हतं असं मी धरून चाललो होतो. पण पोत्यात काय भरलं की ते कसं लवंडतं, हे शेतकऱ्याच्या बाईला कळत नाही असं कसं म्हणावं? म्हणून मी विचारायचो. ती खुशीत असली की म्हणायची, "किती वेळा सांगू? रेती सांडे घरात." आणि रागात असली, मी बैल तिला न विचारता विकले तेव्हा, तिच्या भावाच्या घरच्या लग्नाला गेलो नाही तेव्हा, तर म्हणायची, "तुमाले वाचवाले भरला होता. अक्कल नोती तवा मले."

दोन्ही वेळा तोंड तेच. मी काय समजावं?

पोरगी लहानपणापासून ऐकत आलेली. ती म्हणायची, "मी पोटात होती, बाबा. आई का येडी होती का तुमाले जाऊ द्याले?" बायको तिला म्हणायची, "तू गप. तुले काय माईत? तू तर आंधारात होती."

शेवटी ती वाशिमच्या दवाखान्यात होती. छातीत पाणी झालं होतं. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मी स्टुलावर बसलेलो. दोघंच होतो. मी म्हणालो, "आता तरी सांग वं, तो कापूस काहून भरलता?"

तिनं मास्क वर उचलला. "तुमाले काय वाटते?"

मला काय वाटतं हे मला कोणी विचारलं की मी अडकतो. मी म्हणालो, "मले वाटते, रेती सांडत होती म्हून."

"मंग रेती," ती म्हणाली आणि मास्क लावून घेतला.

नंतर ती बोलली ते पाणी द्या, पंखा बंद करा, असंच. मी दुसरं म्हणालो असतो तर तिनं दुसरं म्हटलं असतं का, हे मला कळत नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, मेणबत्त्या लावल्या, लोकांनी तिच्याबद्दल चांगलं चांगलं सांगितलं. कष्टाळू होती, स्वच्छतेची लय आवड होती, असं एक जण म्हणाला. माझ्या मनात आलं, झालं, म्हणजे रेतीच.

मग हात तुटला. मी भाऊजीला वावरातून खांद्यावर घेऊन आलो आणि बाहेर थंडी होती म्हणून सरळ मधल्या खोलीत आणून बसवला. खांदा नीट पाहिला. तिची शिवण जशीच्या तशी होती. एक टाका हलला नव्हता. शिवणीच्या बाजूचं कापड कुजून गेलं होतं. शिवणीनं धरायचं ते धरलं, धरायला कापड राहिलं नाही.

ताडपत्रीचा तुकडा कापून ठिगळ लावलं. दाभण तिचंच होतं. दोरा ओवायला लागला वेळ, तो सांगण्यासारखा नाही. मग मला वाटलं, आपण इतकी वर्षं चाचणीचंच काम केलं. माणसाला विचारून कळत नसेल तर टाकून पाहायचं. हातातला कापूस वाऱ्यानं वावरातच उडून गेला होता. नाल्यावर गेलो, पिशवीभर रेती आणली आणि हातात भरली. तिथंच, मधल्या खोलीत, फरशीवर बसून.

रेती सांडली. भरताना सांडली, शिवताना सांडली, हात नुसता उचलला तरी दाभणाच्या छिद्रांतून धार लागायची. झाडून काढली तर संध्याकाळी पुन्हा पायाला लागायची. अंथरुणात गेली. चहाच्या कपात गेली. मी झाडत होतो आणि मला कळत होतं की ती खरं बोलत होती. रेती सांडते. किरकिर होते. चाचणी झाली, निकाल लागला. मला बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. कापूस मला वाचवायला भरला असता तर बरं झालं असतं, असं या वयात मनात येणं बरोबर नाही, पण आलं.

रविवारी पोरगी आली. चपला काढून दोन पावलं आत टाकली आणि थांबली.

"बाबा, काय किरकिर हाये ही घरात?"

"रेती."

ती मधल्या खोलीच्या दारात गेली. भाऊजी भिंतीला टेकून बसला होता. रेतीचा हात सरळ खाली.

"याले घरात आनलं तुमी?" ती म्हणाली. "आईनं पाह्यलं असतं तर तुमाले बी संगं बाहीर बसवलं असतं. पावसात भिजला तरी गोठ्यातच ठेवे ती याले. उंबऱ्याच्या आत नाई."

"तिकडं क्वार्टरवर बी नोती येऊ देत," मी म्हणालो. "मेल्या मानसावानी दिसते म्हने. व्हरांड्यातच बसवला, व्हरांड्यातच शिवला, अन् तथूनच मी त्याले..."

मी थांबलो. भाऊजी त्या घराच्या आत गेलाच नव्हता. सायकलवरून व्हरांड्यात आला आणि व्हरांड्यातून सायकलवर गेला. व्हरांड्यात सांडलेली रेती खराट्याच्या एका फटक्यात अंगणात जाते. घरात किरकिर व्हायला रेती घरात यायला पाहिजे.

इतकी वर्षं हे माझ्यासमोर होतं.

"काय झालं?" पोरगी म्हणाली.

"काई नाई."

"काई नाई कसं? तोंड पाहा तुमचं."

"झाडू दे इकडं," मी म्हणालो.

"राहू द्या, मी झाडते."

"मी झाडतो म्हणलं ना."

मी मधली खोली झाडली, पुढची झाडली, रेती उंबऱ्याबाहेर लोटली. ती बघत उभी होती. तिनं चहा ठेवला. मी भाऊजीला उचलून गोठ्यात नेऊन बसवला आणि हाताचं टोक मनगटाशी उसवलं. रेती खाली ओतली. आत येऊन चहा घेतला.

"तुया सासऱ्याच्या वावरात कापूस असन ना औंदा?" मी विचारलं.

"हाये. येचनं चालू हाये. कायले पाह्यजे?"

"भाऊजीले."

"किती?"

"एका उशीएवढा."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं की नाही ते मी विचारलं नाही. आमच्या घरात विचारून कळत नाही.

कापूस आला, भरला, शिवला. भाऊजी पुन्हा हरभऱ्यात उभा आहे, माझा सदरा घालून. हात हलतो. माझी शिवण वाकडी आली आहे. पण रोह्यांना शिवणीतलं काही कळत नाही.